बचावपथकातल्या माणसाला ‘बोलून टाक, हलकं वाटेल’ असं लगेच म्हणू नका

बडोद्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: “माझे मिस्टर बारा-पंधरा वर्षं बचावाच्या नोकरीत आहेत. गेलं वर्षभर रात्री दोन-तीनला उठून गॅलरीत बसतात. पूर्वी रविवारचं मटण स्वतः करायचे, आता घरात शिजलेलंही चालत नाही. मुलीच्या शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर सही करत नाहीत. विचारलं की ‘काही नाही’ म्हणून उठून जातात. सासूबाई म्हणतात, मनात साठवून ठेवतो म्हणून होतं, तू त्याला बोलतं कर. मी बोलतं करायला गेले की भांडण होतं. हा आजार आहे का? आणि डॉक्टरकडे नेलं तर नोकरीवर गदा येईल का?”

कोणत्या दलात आहेत ते ताईंनी लिहिलेलं नाही, ते बरंच केलं. उत्तराचा बराचसा भाग या कामातल्या कुणाच्याही घरी लागू पडेल. आगीच्या बंबावरचे लोक, १०८ रुग्णवाहिकेवरचे ईएमटी (वाटेत उपचार करणारे) आणि पायलट (चालक), जरोदच्या एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) बटालियनचे जवान, अपघाताच्या जागी सगळ्यांत आधी पोचणारा हवालदार, नदीतून बुडालेल्यांना काढणारे पट्टीचे पोहणारे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि या सगळ्या प्रकारची माणसं माझ्याकडे येतात. क्वचितच स्वतःहून येतात. बहुतेकांना बायको घेऊन येते, आणि तेही ‘बीपी दाखवायला’ म्हणून.

ताई, सासूबाईंच्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण घराघरांत तोच दिला जातो. आणि तो फक्त घरगुती नाही. १९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल या मानसशास्त्रज्ञाने, ज्याने स्वतः आग-रुग्णवाहिकेचं काम केलं होतं, एक पद्धत मांडली. वाईट घटनेनंतर दोन-तीन दिवसांत सगळ्या पथकाला एकत्र बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायचं. ऐकायला इतकी पटणारी गोष्ट, की जगभरच्या दलांनी ती उचलली, काही ठिकाणी सक्तीचीही केली. मग रीतसर चाचण्या झाल्या. २००२ पर्यंतच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं, की अशा एकाच बैठकीमुळे पुढचा मानसिक आजार टळत नाही. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका चाचणीत तर १३ महिन्यांनी, ज्यांना असं बोलतं केलं होतं त्यांच्यातले २६ टक्के आजारी निघाले आणि ज्यांना केलं नव्हतं त्यांच्यातले ९ टक्के. हे रुग्ण होते, जवान नव्हते. शिवाय बोलतं केलेल्या गटाचं भाजणंही मुळात थोडं जास्त होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ‘बोलल्याने नुकसान तर होणार नाही ना’ हे गृहीतक तिथे मोडलं.

असं का होत असावं? शरीर अजून धोक्याच्या पवित्र्यात असताना तीच दृश्यं पुन्हा उगाळली की ती जास्त खोल बसतात, असा एक अंदाज आहे. दुसरं कारण मला माझ्या रुग्णांत दिसतं. पथकातल्या पाचव्या माणसाने जे पाहिलेलंच नसतं, ते पहिल्या चौघांच्या तोंडून ऐकून तो घरी घेऊन जातो. आणि तिसरं कारण साधं आहे: हुकूम म्हणून बोललेलं खरं नसतं. साहेब समोर बसलेले असताना ‘मला भीती वाटते’ असं कोण म्हणणार?

म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेसकट सगळे जे सुचवतात, त्यात बोलण्याची सक्ती नाही. २०११ च्या त्यांच्या मार्गदर्शिकेचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्या माणसाला आत्ता काय हवंय ते पाहा, तो स्वतःहून बोलला तर ऐका, आणि गरज असेल तर योग्य माणसाशी गाठ घालून द्या. घरात याचा अर्थ असा, की रात्री अडीचला गॅलरीत जाऊन ‘काय झालं, सांगा ना’ म्हणू नका. ‘चहा टाकू का? मी बसू का इथे, की आत जाऊ?’ एवढंच विचारा. ‘आत जा’ म्हणाले तर खरंच आत जा, रुसू नका. बोलणं आलंच तर ते गाडीत, भांडी पुसताना, स्कूटर धुताना येतं. समोरासमोर बसवून येत नाही.

पुढे उपचारात बोलावं लागतं, हे खरं आहे. पण ते वेगळं बोलणं आहे. त्याला वेळ ठरलेली असते, सोबतचा माणूस शिकलेला असतो आणि थांबायचं कधी ते रुग्णाच्या हातात असतं. त्याकडे येतेच.

‘कोणत्या घटनेमुळे झालं?’ हा पुढचा प्रश्न सगळे विचारतात. या भागात तारखा सांगाव्या लागत नाहीत. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातल्या हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ९ जुलै २०२५ च्या सकाळी महीसागरवरचा गंभीरा पूल तुटला आणि गाड्या नदीत गेल्या. पाण्यात सगळ्यांत आधी उतरले ते काठच्या गावांतले लोक, ज्यांच्या अंगावर ना वर्दी होती ना लाइफ जॅकेट. त्यांच्याकडे नंतर कुणी फिरकलं का, हा विचार माझ्या डोक्यात अधूनमधून येतो. मोरबीचा झुलता पूल, राजकोटचा गेमझोन, अहमदाबादचं विमान, ही यादी गेल्या काही वर्षांचीच आहे.

तरीही माझ्यासमोर बसलेला माणूस बहुधा या घटनांपासून सुरुवात करत नाही. मोठ्या दुर्घटनेत सोबत शंभर माणसं असतात, वर्तमानपत्रात येतं, कुणीतरी पाठीवर थाप मारतं. आत रुतून बसतात ते छोटे कॉल. गोल्डन चोकडीला ट्रकखाली आलेली दुचाकी, आणि खिशात वाजत राहिलेला मोबाइल, स्क्रीनवर ‘मम्मी’. बंद फ्लॅटचं दार तोडल्यावर पंख्याला दिसलेला परीक्षार्थी मुलगा. पेपरात चार ओळी किंवा तेही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटी. अशा कॉलची संख्या वर्षानुवर्षं वाढत जाते, आणि एक दिवस अगदी किरकोळ घटनेने, कधी कबुतर सोडवायच्या कॉलवर, माणसाचे हात थरथरायला लागतात. मग तोच गोंधळतो: ‘एवढं सगळं पाहिलं तेव्हा काही झालं नाही, आणि कबुतराने?’ कबुतराचा दोष नसतो.

२०१३ साली मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा हे अधिकृतपणे मान्य झालं. स्वतःच्या जिवावर बेतायला हवंच असं नाही. कामाचा भाग म्हणून अशा गोष्टींना वारंवार सामोरं जाणं हेही आघात धरलं जातं. तिथे उदाहरणच मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मीचं दिलेलं आहे. तेव्हा ‘त्याला थोडंच काही झालंय, मेले ते दुसरेच’ असं नातेवाईक म्हणतात, त्याला वैद्यकीय आधार नाही.

कोणता कॉल चिकटतो याचे काही ठोकताळे आहेत. लहान मूल असलं तर. आपल्या मुलाच्याच वयाचं, तसाच गणवेश, तशीच वॉटरबॅग असली तर जास्त. माणूस ओळखीचा निघाला तर. जुन्या बडोद्यात हे सारखं होतं. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी इथे कोण कुणाच्या ओळखीचं नाही? आणि हात बांधलेले असले तर. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जांबुव्याच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अर्धा तास अडकलेली रुग्णवाहिका, मागे ईएमटी छाती दाबतोय आणि पुढे पायलट हॉर्नवर हात ठेवून बसलाय. मग पोचल्यावर नातेवाइकांच्या शिव्या: ‘इतका उशीर?’ कधीकधी हातही उगारला जातो. भोवती मोबाइल वर करून उभे असलेले लोक. त्या पायलटला भीतीचा आजार झालेला नसतो. त्याला राग आणि अपराधीपणा यांनी पोखरलेलं असतं: मी करू शकलो असतो, मला करू दिलं नाही. भीतीवरचा उपचार त्याला पुरा पडत नाही. ‘तुझी चूक नव्हती’ हे वाक्यही उपयोगी पडत नाही, ते त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. त्या अर्ध्या तासाचा, मिनिटामिनिटाचा हिशेब त्याच्यासोबत बसून मांडावा लागतो. कोणत्या मिनिटाला खरोखर काय हातात होतं ते त्याचं त्याला दिसू द्यावं लागतं.

एक उपेक्षित जमात सांगून टाकते: फोन घेणारे. गुजरातच्या १०८ चे कॉल अहमदाबादजवळच्या कठवाड्याच्या केंद्रात घेतले जातात. तिथे बसलेली मुलगी फोनवर एका आईचं ओरडणं ऐकते, पत्ता घेते, गाडी पाठवते आणि पुढचा फोन उचलते. ते मूल वाचलं की गेलं, तिला कधीच कळत नाही. शेवट न कळणं हे पाहण्याइतकंच वाईट असू शकतं.

आता तुमच्या मिस्टरांच्या मटणाबद्दल. आगीच्या कामात असतील तर कारण मी सांगायला नको, आणि तुम्ही त्यांना विचारूही नका. बाकी इंद्रियांचे संदेश मेंदूतल्या एका वाटप-केंद्रातून फिरून पुढे जातात; वासाचा मार्ग त्याला वळसा घालून जवळजवळ थेट भीती आणि आठवण यांच्या केंद्रांपर्यंत पोचतो. त्यामुळे वासाने आठवण ‘आठवत’ नाही, अंगावरच येते. हे नखरे नाहीत. सध्या घरात मटण करू नका आणि त्याचा विषयही काढू नका. पाहुण्यांसमोर ‘आता खात नाहीत बरं का’ असं मुळीच नको.

सहलीचा फॉर्म जास्त अवघड आहे, कारण त्यात मुलीचं बालपण अडकलंय. पूर्ण टाळत राहिलं तर भीती वाढतच जाते: आज तलाव, उद्या स्विमिंग पूल, परवा शाळेची बस. आणि जबरदस्तीने पाठवलं तर तो दिवस ते कसा काढतील याची कल्पना करा. मधला रस्ता असा की या वर्षी पाण्याजवळ नसलेली, शहरातलीच सहल निवडा, सयाजीबाग किंवा लक्ष्मी विलास पॅलेसचं संग्रहालय. बसची क्षमता किती, सोबत शिक्षक किती हे प्रश्न शाळेला त्यांनाच विचारू द्या. ते प्रश्न वेडेपणाचे नाहीतच. हरणीनंतर ते प्रत्येक पालकाने विचारायला हवेत, आणि तुमच्या घरात ते नेमके कसे विचारायचे हे जाणणारा माणूस आहे.

आजार आहे का, या प्रश्नाला मी त्यांना न पाहता ‘हो’ म्हणणार नाही. वाईट कॉलनंतर पहिले काही दिवस झोप न लागणं, चित्रं दिसणं, चिडचिड, हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. एक महिना उलटूनही चित्रं आणि स्वप्नं येतात, माणूस जागा-माणसं-विषय टाळतो, मन बधिर किंवा सतत अपराधी राहतं, आणि शरीर कायम दचकायच्या तयारीत असतं, अशा चारही बाजूंनी त्रास असेल आणि त्याने घर-काम बिघडत असेल, तर आम्ही आघातोत्तर तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, म्हणतो. तुमच्याकडे वर्षभर चाललंय, म्हणून दाखवायला हवं हे नक्की. पण पुष्कळ जण या चौकटीत बसत नाहीत. कुणाला साधं नैराश्य असतं. कुणाचं फक्त झोपेचं चक्र मोडलेलं असतं. कुणी फक्त चिडका झालेला असतो, इतका की मुलं त्याच्या गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद करतात.

झोपेवर मी सगळ्यांत आधी काम करते, दृश्यांवर नाही. चोवीस तासांच्या ड्यूटीत माणूस एक कान उघडा ठेवून झोपायला शिकतो; घंटा वाजल्यावर काही सेकंदांत बूट चढवायचे असतात. ती सवय घरच्या गादीवर आपोआप सुटत नाही. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही शक्य तितकी एकच ठेवायची. गॅलरीत बसणं वाईट नाही. गादीवर तळमळत पडण्यापेक्षा बरंच. मात्र तिथे मोबाइल नको. यात एक गोष्ट घरच्यांना बहुधा माहीत नसते: रिपोर्टसाठी काढलेले घटनास्थळाचे फोटो यांच्या स्वतःच्या फोनच्या गॅलरीत पडलेले असतात, वर व्हॉट्सॲप ग्रुपवर इतर ठिकाणचेही येतात. मुलीच्या वाढदिवसाचा फोटो शोधताना मधे ते. मी पहिल्याच भेटीत सांगते की कामाचे फोटो कार्यालयाच्या संगणकावर टाका, आपल्या फोनमधून काढा, आणि ग्रुपवरचं आपोआप डाउनलोड होणं बंद करा. फार छोटी गोष्ट वाटते, पण एवढ्यानेच काहींची रात्र सुधारलेली मी पाहिली आहे. आणि ते झोपेत ओरडले-धडपडले तर हात लावून उठवू नका. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, दिवा लावून, हाक मारा.

दारूबद्दल लिहायला हवं, कारण आपल्या राज्यात कुणीच लिहीत नाही. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. म्हणून पिणारा माणूस महाराष्ट्रातल्यासारखा मित्रांत बसून पीत नाही. लपून, एकटा, घाईत पितो. वर्दीतल्या माणसाला तर दुहेरी भीती, केस आणि नोकरी. परिणामी डॉक्टरलाही तो तंबाखूचा मावा सांगतो, दारू सांगत नाही. दारूने झोप लवकर लागते हे खरंय. पण रात्रीच्या उत्तरार्धात ती झोप मोडते, आणि दाबलेली स्वप्नं दुप्पट जोराने येतात. दोन-तीनला उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी हा प्रश्न विचारतेच. तुमच्या मिस्टरांवर संशय घेत नाहीये, पण बंदी नसलेल्या दमणच्या फेऱ्या वाढल्या असतील तर लक्ष द्या. आणि रोज भरपूर पिणारा असेल तर घरच्यांनी शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावू नका. अचानक तोडल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. डॉक्टरकडे सांगितलेलं पोलिसांकडे जात नाही.

औषधाच्या दुकानातून ‘झोपेची गोळी’ आणण्याचंही तेच. अल्प्राझोलाम गटातल्या गोळ्या या आजारात पहिल्या आठवड्यात छान वाटतात आणि नंतर सवय लावतात. आघाताच्या उपचारात त्या टाळाव्यात असंच आज बहुतेक मार्गदर्शिका सांगतात.

मग उपचार काय? आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार, किंवा ईएमडीआर नावाची डोळ्यांच्या हालचालींसोबत करायची पद्धत. दोन्हींना चांगला पुरावा आहे. साधारण ८ ते १५ बैठका, आठवड्याला एक. वर म्हटलेलं ‘वेगळं बोलणं’ ते हेच. सुरुवातीच्या एक-दोन बैठकांत घटना काढतही नाहीत. श्वास, झोप, घरचं वातावरण पाहतात. मग तो माणूस एक आठवण निवडतो आणि ती क्रमाने, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो. त्रास किती झाला याचा आकडा दर थोड्या वेळाने देतो. पहिल्यांदा घाम फुटतो. चौथ्या-पाचव्यांदा तोच प्रसंग सांगताना त्याला मधलं काहीतरी आठवतं जे त्याने वगळलं होतं, ‘अरे, तोवर तो गेलेलाच होता’, आणि गाठ तिथे सुटते. सोबत प्रत्यक्ष जागांवर हळूहळू जाणं असतं. तलावाच्या रस्त्याने स्कूटरवरून फक्त जायचं. मग थांबायचं. मग उतरायचं. मधले काही दिवस स्वप्नं वाढल्यासारखी वाटतात, हे आधी सांगितलेलं नसेल तर लोक तिथेच सोडून देतात. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

औषध लागतंच असं नाही. लागलं तर सर्ट्रालिनसारखी नैराश्यविरोधी औषधं देतो. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यांचं व्यसन लागत नाही, आणि बरं वाटल्यावर मनाने बंद करायची नसतात. ड्यूटीवर झापड येईल का, हा बंबावरच्या आणि स्टिअरिंगवरच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो आणि रास्त असतो. सुरुवात सुट्टीच्या दिवशी, कमी मात्रेने करतो. पहिल्या आठवड्यात गाडी चालवायची की नाही ते मी बघून ठरवते.

नोकरीचं. कायदा काय म्हणतो ते आधी. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे. साहेबांनी फोन करून विचारलं तरी, कायद्यातले मोजके अपवाद सोडले, तर सांगता येत नाही. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्यातच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनेत सेवेत असताना अपंगत्व आलं, आणि त्यात मानसिक आजारही येतो, तर सर्वसाधारणपणे काढून टाकता येत नाही की हुद्दा उतरवता येत नाही. जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या कामावर घ्यायचं. कंत्राटी नोकरीत हे संरक्षण इतकं भक्कम नाही, आणि यातले किती तरी लोक कंत्राटावर आहेत, ही खरी दुखरी बाजू आहे.

पण माणूस घाबरतो ते कायद्याला नाही, कुजबुजीला. ‘तो आता ढिला झालाय, त्याला शिडीवर नको चढवू.’ म्हणून मी सहसा लांब रजा लिहून देत नाही. घरी बसलेला बचावकर्मी आणखी खचतो. गॅलरीतला वेळ वाढतो, पथकापासून तुटतो. त्याच्या परवानगीने वरिष्ठांशी बोलायचं झालं तर निदान न सांगता, काही आठवडे स्टोअर, वर्कशॉप, प्रशिक्षण किंवा तपासणीचं काम द्या एवढंच मागते. कंट्रोल रूम ‘हलकं काम’ म्हणून देतात ते मात्र मला पटत नाही. ते हलकं नाही, वर सांगितलंच आहे.

वरिष्ठ कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडंच. दरवर्षी १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ आपण परेड करतो, पुष्पचक्र वाहतो. करायलाच हवं. जिवंत परतलेल्यांसाठी मात्र त्याच रात्री काही तरी हवं असतं: गरम जेवण, अंघोळीला गरम पाणी, मृतदेह उचलण्याच्या कामाला माणसं आलटून-पालटून, आणि अनुभवी जमादाराने नव्या पोराजवळ बसून ‘मलाही पहिल्या वर्षी जेवण गेलं नव्हतं’ एवढं म्हणणं. मुंबई-दिल्लीहून समुपदेशक बोलावून हॉलमध्ये दोन तास भाषण ठेवलं की काम झालं, असं मानणारे अधिकारी मी पाहिलेत. शेवटच्या रांगेत सगळे मोबाइल बघत असतात.

ताई, एका बाबतीत मात्र वाट बघत थांबू नका. ‘माझ्याशिवाय तुमचं बरं होईल’ अशी भाषा, अचानक विम्याची आणि बँकेची कागदं नीट लावून देणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, किंवा फार अस्वस्थ माणूस एकाएकी शांत होणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने डोक्यात कल्पना घुसत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस सुटतो. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, घरातली औषधं-कीटकनाशकं हलवा आणि त्याच दिवशी सयाजी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. रात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी, मोफत, चोवीस तासांची सेवा आहे. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. मिस्टर बोलणार नसतील तर तुम्ही स्वतःसाठी लावा. वर्षभर अशा माणसासोबत राहणाऱ्या बायकोची झोपही मोडलेली असते, ते कुणी विचारत नाही.

एरवी घाई नको. सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत सकाळी केसपेपर काढून दाखवता येतं. कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयाचं नाव काढलं की लोकांचे चेहरे बदलतात, पण तिथे ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. ओळखीचे भेटतील ही भीती असेल तर खासगीत जा, फक्त आधी फोनवर विचारा की आघातावरचा उपचार तुम्ही स्वतः करता का; केवळ गोळ्या लिहिणार असतील तर दुसरं नाव मागा. मिस्टरांना नेताना ‘तुम्ही आजारी आहात’ म्हणू नका. ‘झोप नीट नाही, ती दाखवून येऊ’ म्हणा. ते खोटंही नाही, आणि या कामातले पुरुष झोपेसाठी यायला तयार होतात. ड्यूटी उतरल्याच्या सकाळी आणू नका, डोळे मिटत असतात. सुट्टीचा दुसरा दिवस बघा. सोबत मागच्या दोन महिन्यांचा ड्यूटीचा तक्ता, चालू असलेली बीपी-शुगरची औषधं, आणि रात्री किती वाजता उठतात याची तुम्ही आठवडाभर लिहून ठेवलेली वेळ एवढं आणा. पहिली दहा मिनिटं त्यांना एकट्याला आत जाऊ द्या, मग तुम्ही या.